गैरहजर शेजाऱ्याची बाजू



आजचा विषय मी मुद्दाम असा निवडला आहे, जो आपल्यापैकी बहुतेकांच्या फाटकापर्यंत कधी ना कधी आलेला आहे. शेजारच्या मोकळ्या भूखंडावर नवी इमारत होणार असं कानावर येतं. दोन दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मजकूर फिरू लागतो, सह्या गोळा होतात, वॉर्ड ऑफिसला निवेदन जातं. पाणी पुरणार नाही. गाड्या लावायला जागा उरणार नाही. कोण लोक येतील कुणास ठाऊक. घरं बांधायला आमची ना नाही, पण इथे नको.

असं म्हणणारी माणसं वाईट असतात का? मुळीच नाही. ती आपणच असतो. आयुष्यभराची कमाई आपण एका घरात घातलेली असते, वीस-वीस वर्षं हप्ते फेडलेले असतात. त्या घराभोवती काही बदलणार म्हटलं की जीव धास्तावतो. ही धास्ती खरी आहे आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण त्या इमारतीत जो राहायला आला असता, त्याचं काय? तो सोसायटीच्या सभेत नसतो. निवेदनावर त्याची सही नसते. आपल्या वॉर्डाच्या मतदार यादीत त्याचं नाव नसतं. आपल्या निर्णयाचा सगळ्यात मोठा परिणाम ज्याच्यावर होणार, नेमका तोच तिथे गैरहजर असतो. आज मी त्या गैरहजर शेजाऱ्याची बाजू मांडायला उभा आहे.

चार मुद्दे घेतो. विरोध कसा उभा राहतो, तो नियमांत कसा मुरतो, त्याची किंमत कोण मोजतो आणि आपण काय करू शकतो.

पहिला मुद्दा, विरोध कसा उभा राहतो.

मुंबईतली दोन अलीकडची उदाहरणं घ्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये महापालिकेने २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्याचा मसुदा जाहीर केला. रेल्वे स्थानकांच्या आसपास जास्त उंच बांधकाम होऊ द्यावं, काही ठिकाणी एफएसआय (भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण) आठपर्यंत न्यावा, असं त्यात होतं. हरकतींचा पाऊस पडला. मसुद्यात ढोबळ चुका होत्या, हे खरं. कुठे वारसा इमारती नकाशावरून गायब होत्या, कुठे उभ्या घरांवरून रस्ते आखलेले होते. एप्रिलमध्ये सरकारने तो मसुदा रद्द केला. चुका दुरुस्त व्हायलाच हव्या होत्या. पण स्थानकाजवळ जास्त माणसांना राहू द्यावं, हा त्यातला मूळ विचारही त्या गदारोळात वाहून गेला आणि त्याच्यासाठी कोणी रस्त्यावर आलं नाही.

दुसरं उदाहरण मुलुंडचं. मुलुंड पूर्वेला प्रकल्पग्रस्तांसाठी सात हजारांहून अधिक घरं बांधायची योजना पुढे आली आणि स्थानिक रहिवासी तिच्या विरोधात उभे राहिले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तो प्रचाराचा मुद्दा झाला. लोकांचे प्रश्न रास्त होते. आधीच तुंबलेले रस्ते, आधीच भरून वाहणारं स्थानक, त्यावर इतकी कुटुंबं कशी सामावणार? उत्तर द्यायची जबाबदारी शासनाची होती. पण जी हजारो कुटुंबं एखाद्या रस्त्यासाठी, नाल्यासाठी, पुलासाठी स्वतःचं घर सोडणार, त्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न प्रचाराच्या किती सभांत ऐकू आला?

हे फक्त आपल्याकडे घडतं असं नाही. बोस्टन विद्यापीठाच्या कॅथरीन आइनस्टाइन, डेव्हिड ग्लिक आणि मॅक्सवेल पामर या तीन राज्यशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या नियोजन सभांची इतिवृत्तं वाचून काढली. नवीन घरांच्या प्रस्तावांवर बोलायला कोण उभं राहतं, हे त्यांना पाहायचं होतं. उभी राहणारी माणसं एकूण रहिवाशांच्या मानाने वयाने मोठी होती, जुनी रहिवासी होती आणि त्यांत घरमालक अधिक होते. नवीन घरांच्या बाजूने बोलणारे जेमतेम १५ टक्के निघाले. सभा खुली होती, दार कोणासाठीही बंद नव्हतं. तरी भाडेकरू आला नाही. दोन नोकऱ्या करणारी आई आली नाही. आणि जो अजून त्या गावात राहायलाच आलेला नाही, तो येणार कसा? खुल्या दाराची सुनावणीही एकाच बाजूची होऊ शकते. लोकशाहीवर श्रद्धा असणाऱ्या माणसाला याने अस्वस्थ व्हायला हवं.

आता दुसरा मुद्दा. विरोध दर वेळी मोर्चा काढून येत नाही. पुष्कळदा तो नियमांच्या पुस्तकात जाऊन बसतो आणि मग त्याला मोर्च्याची गरज उरत नाही.

मुंबईत १९६० च्या दशकातल्या विकास आराखड्याबरोबर एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक आला. शहरात फार गर्दी झाली आहे, बांधकाम आवरलं की गर्दी आवरेल, असा त्यामागचा विचार होता. १९९१ च्या नियमावलीत मूळ निर्देशांक शहरात १.३३ आणि उपनगरांत १ ठरला. म्हणजे उपनगरात हजार चौरस फुटांचा भूखंड असेल तर सगळे मजले मिळून हजार चौरस फूट बांधायचे. समुद्राने तिन्ही बाजूंनी वेढलेल्या, जमीन मुळातच अपुरी असलेल्या शहरात हा नियम! त्याच्या जोडीला १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा होता. त्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. त्या काळच्या भाडेकरूला त्याने आधार दिला, हे मान्य. पण भाड्याने देण्यासाठी चाळ बांधणारा मालक हळूहळू नाहीसा झाला, जुन्या चाळींची डागडुजी थांबली आणि पागडी रूढ झाली. १९७६ मध्ये नागरी कमाल जमीन धारणा कायदा आला. जादा जमीन गरिबांच्या घरांसाठी मिळावी हा त्याचा हेतू होता. प्रत्यक्षात बरीचशी जमीन खटल्यांत आणि सवलतींच्या अर्जांत अडकून पडली. महाराष्ट्राने तो रद्द केला २००७ मध्ये.

प्रत्येक नियमाचा हेतू चांगला होता. एकत्र मिळून त्यांनी केलं काय? घर बांधण्याची परवानगी ही शहरातली सगळ्यात दुर्मीळ वस्तू करून टाकली. जे दुर्मीळ असतं त्याचा बाजार भरतो. मग टीडीआर, म्हणजे बांधकामाचा हक्क विकण्याची सोय, आला, जादा बांधकामासाठी भरायचा प्रीमियम आला, खास योजना आणि खास सवलती आल्या. नियम सगळ्यांसाठी घट्ट आणि ज्याची पोच आहे त्याच्यासाठी सैल. बिल्डरांच्या मनमानीबद्दल आपण संतापतो, आणि तो संताप योग्यच आहे. पण बिल्डरच्या हातात एवढी ताकद येते कुठून? ती टंचाईतून येते. घरं मुबलक असती तर गिऱ्हाइकाला दाराबाहेर ताटकळत ठेवायची हिंमत कोणत्या बिल्डरची झाली असती?

कॅलिफोर्नियाची गोष्टही इथे सांगायला हवी, कारण आपल्यातल्या कित्येकांची मुलं तिथे राहतात, तिथलं भाडं भरतात. १९७२ मध्ये पेटालुमा नावाच्या छोट्या शहराने वर्षाला पाचशेच नवीन घरं होतील अशी मर्यादा घातली आणि ती पुढे न्यायालयातही टिकली. पर्यावरण रक्षणासाठी १९७० मध्ये केलेला राज्याचा कायदा शेजारच्या इमारती अडवायचं हत्यार बनला. बर्कली विद्यापीठाच्या बाबतीत तर कळस झाला. विद्यार्थी वाढले की गोंगाट वाढतो, भाडी वाढतात, म्हणून विद्यार्थिसंख्येचाही पर्यावरणावरचा परिणाम म्हणून विचार व्हावा, असा दावा शेजाऱ्यांच्या एका गटाने केला आणि न्यायालयाने विद्यार्थिसंख्या गोठवली. २०२२ मध्ये सुमारे तीन हजार जागा कमी कराव्या लागतील अशी वेळ आली, तेव्हा राज्याच्या विधिमंडळाने घाईघाईने कायदा बदलला. त्याच वर्षी वुडसाइड या श्रीमंत गावाने, आपलं संपूर्ण गाव पहाडी सिंहांचा अधिवास आहे, असं सांगून राज्याचा नवा गृहनिर्माण कायदा टाळायचा प्रयत्न केला. राज्याच्या महाधिवक्त्यांनी कान टोचल्यावर गावाने माघार घेतली. ही सुशिक्षित, सुसंस्कृत माणसांची गावं आहेत. म्हणूनच ही उदाहरणं मला गंभीर वाटतात.

आता तिसरा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. याची किंमत कोण मोजतो?

पहिली किंमत जागेत मोजली जाते. बांधकाम आवरल्याने मुंबईत येणारी माणसं थांबली का? २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि तिच्यातले सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्ट्यांत राहत होते. माणूस आला. कायद्याने त्याला खोली दिली नाही, म्हणून तो कायद्याबाहेरच्या खोलीत राहिला. शहराला त्याचे हात हवे होते, तो नको होता.

दुसरी किंमत अंतरात मोजली जाते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर उतरली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्ह्याची ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेली. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात पालघरही होता. कामाची ठिकाणं लोअर परळला, वांद्रे-कुर्ला संकुलात, अंधेरीत. आणि माणसं विरारला, बदलापूरला, टिटवाळ्याला. पहाटेची लोकल पकडायची आणि रात्री मूल झोपल्यावर घरी पोचायचं. या प्रवासात जाणारे तास कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाहीत. पण तो तुमच्या-माझ्या लेकीसुनांचा जगण्याचा वेळ आहे. पुष्कळ बायकांनी चांगली नोकरी सोडली ती या प्रवासापायी; पगार काही कमी नव्हता. आणि काही जण घरी पोचतच नाहीत. मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर अलीकडच्या वर्षांतही दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसांचा मृत्यू होतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ भरगच्च लोकलच्या दारात लटकणारे प्रवासी रुळांवर पडले आणि त्यातल्या काहींचा जीव गेला. आपण रेल्वेला दोष दिला, आणि द्यायलाच हवा. पण ही माणसं रोज इतक्या लांबून का येतात, हे किती जणांनी विचारलं?

तिसरी किंमत संधीत मोजली जाते, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने ती सगळ्यात मोठी आहे. गिरणगाव आठवा. कोकणातला, साताऱ्याचा, घाटावरचा तरुण मुंबईला यायचा. गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायचा, खानावळीत जेवायचा, गिरणीत लागायचा. त्याच्या मनीऑर्डरवर गावाकडचं घर चालायचं, धाकट्या भावाची शाळा व्हायची. ते जगणं सुखाचं होतं असं मी म्हणणार नाही. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं होती ती. पण गरीब मुलखातून श्रीमंत शहरात जायची वाट उघडी होती. अमेरिकेतही तसंच होतं. पीटर गॅनाँग आणि डॅनियल शोग या अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलं, की शंभर वर्षं गरीब राज्यांतली माणसं श्रीमंत राज्यांकडे जात राहिली आणि दोन्हीकडच्या उत्पन्नातली दरी भरत आली. १९८० नंतर हा ओघ मंदावला. कारण काय? श्रीमंत शहरांत घरं इतकी महागली, की तिथे गेल्याने वकिलाचा अजूनही फायदा होतो, पण सफाई कामगाराचा होत नाही. वाढीव पगार घरभाडंच गिळून टाकतं. २०२० च्या जनगणनेनंतर कॅलिफोर्नियाची संसदेतली एक जागा इतिहासात पहिल्यांदा कमी झाली. जगातले सगळ्यात नावाजलेले उद्योग ज्या राज्यात आहेत, तिथून सामान्य माणूस बाहेर पडतो आहे. पगारासाठी नाही, छपरासाठी.

आपल्याकडेही वेगळं काय चाललं आहे? नांदेडचा, जळगावचा, गडचिरोलीचा हुशार मुलगा मुंबई-पुण्यात नोकरी मिळूनही डिपॉझिटचा आकडा ऐकून मागे फिरतो, तेव्हा नुकसान त्याचं एकट्याचं होतं का? त्याच्या हातून जे काम झालं असतं, त्याने जो धंदा काढला असता, चार माणसांना जी रोजी दिली असती, ते सगळं झालंच नाही. जे झालंच नाही त्याची बातमी येत नाही. म्हणून हे नुकसान आपल्याला दिसत नाही.

आणि चौथी किंमत आपल्याच घरात मोजली जाते. तुम्ही चाळीस वर्षांपूर्वी घेतलेल्या फ्लॅटची आजची किंमत ऐकून बरं वाटतं. पण तुमच्या मुलाला त्याच सोसायटीत घर घेता येईल का? आपल्या घराची वाढलेली किंमत म्हणजे आपल्याच मुलांनी भरायचं कर्ज आहे. मुलगा डोंबिवलीपलीकडे जातो, सून दोन तास प्रवास करते, नातवंडं महिन्यातून एकदा दिसतात. ज्या विरोधाने आपण आपली वस्ती जपली, त्यानेच आपली माणसं लांब गेली.

आता आक्षेपांकडे येतो. ते मनापासून घेतले जातात, उत्तरही मनापासूनच द्यायला हवं.

कोणी म्हणेल, पाणी आणि रस्ते कुठून आणणार? हा सगळ्यात बळकट आक्षेप आहे. नवी मुंबईची कल्पना ज्या तिघांनी मांडली त्यांतले एक, शिरीष पटेल, आयुष्यभर बजावत राहिले, की नुसता एफएसआय वाढवला आणि रस्ते, पदपथ, मैदानं तेवढीच ठेवली, तर रस्त्यावरची गर्दी असह्य होईल. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून माझी मागणी नुसत्या मजल्यांची नाही. पण एक गोष्ट विसरू नका. घर बांधल्याने माणूस निर्माण होत नाही. तो या महानगरात आधीपासून आहे. पाणी आजही पितो, लोकलने आजही जातो. तो स्थानकापासून दहा मिनिटांवर राहिला, तर रस्त्यावरचा भार कमी होईल.

दुसरा आक्षेप: मुंबईत कितीतरी घरं रिकामी पडली आहेत, मग नवी कशाला? २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे पावणेपाच लाख घरं रिकामी होती, हे खरं. पण ती रिकामी का? भाडेकरू बसला तर उठणार नाही ही धास्ती, वर्षानुवर्षं चालणारे दावे आणि महागडं घर नुसतं गुंतवणूक म्हणून ठेवण्याची सवय. टंचाई असते तिथेच घराला सोन्याचा भाव येतो आणि सोन्यासारखं ते कुलपात जातं. भाड्याचा कायदा दोन्ही बाजूंना विश्वास वाटेल असा हवा, न्याय लवकर मिळायला हवा. आणि घरंही हवीत.

तिसरा आक्षेप निसर्गाचा. इथे मी विरोध करणाऱ्यांच्या बाजूला उभा आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने आपण गिळलेल्या तिच्या जागा परत मागितल्या. खारफुटी, नद्यांचे काठ, टेकड्या यांवर बांधकाम नकोच. गोव्यात २००६ च्या अखेरीस लोक प्रादेशिक आराखड्याविरुद्ध उठले आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या लोकांना मी दोष देणार नाही. शेतं आणि डोंगर तोडून वर्षातले अकरा महिने बंद राहणारे बंगले बांधायचे असतील, तर त्यांत राहायला येणारा शेजारी आहेच कुठे? पण डोंगर वाचवायचा असेल, तर स्थानकाजवळच्या दोन मजल्यांच्या जागी दहा मजले होऊ द्यावे लागतील. दोन्हीकडे नाही म्हटलं, की शहर डोंगरावरच चढतं.

आता शेवटचा मुद्दा. करायचं काय?

आधी सोयी आणि मग घरं, असं नियोजन आपण एकेकाळी केलेलं आहे. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. जुन्या शहरात त्याने गरिबांची बरीच घरं पाडली आणि तितकी बांधली नाहीत. हा दोष त्याच्या माथी आहेच. पण दादर-माटुंग्याला त्याने आधी रस्ते आखले, गटारं केली, बागांच्या जागा राखल्या आणि मग घरं होऊ दिली. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्सचा परिसर शंभर वर्षांनंतरही आपण हेव्याने पाहतो. क्रम महत्त्वाचा होता.

आजचं उदाहरण बीडीडी चाळींचं. १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीला २०७ चाळी उभ्या राहिल्या. खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या साडेपाचशेहून अधिक कुटुंबांना त्याच परिसरात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जमीन वाढली नाही, इमारत उंच झाली. पुनर्विकासाचा हा प्रकल्प वर्षानुवर्षं रेंगाळला, तक्रारीही आहेत. पण तीन पिढ्या एका खोलीत काढलेल्या माणसाला आपल्याच वस्तीत ऐसपैस घर मिळू शकतं, हे सिद्ध झालं.

परदेशातलं एक उदाहरण ऑकलंडचं. २०१६ च्या आराखड्याने तिथल्या निवासी जमिनीच्या जवळपास तीन चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला मुभा दिली. एखाद-दुसरी गल्ली निवडून तिच्यावरच सगळं लादायचं, असं केलं नाही. पाच-सहा वर्षांत बांधकाम परवानग्या सुमारे दुप्पट झाल्या. ओझं बहुतेकांनी वाटून घेतलं, म्हणून कोणा एकाच्या अंगावर ते कोसळलं नाही.

यातून मला तीन गोष्टी मागायच्या आहेत. एक, किती घरं हवीत हे सगळ्या महानगराचा विचार करून ठरावं. गल्लीने कशी हवीत ते सांगावं. नाला, मैदान, पदपथ, शाळा यांबद्दल स्थानिक माणसाइतकं कोणाला कळत नाही, तिथे त्याचा शब्द शेवटचा असू द्या. दोन, परवानगीपोटी पालिका जे शुल्क घेते, ते त्याच वॉर्डातल्या पाण्यावर आणि रस्त्यांवर खर्च व्हावं आणि त्याचा हिशेब वॉर्डात फलकावर लागावा. नव्या इमारतीबरोबर नवी जलवाहिनी येते असं दिसलं, की निम्मा विरोध आपोआप मावळेल. तीन, प्रत्येक आराखड्याच्या सुनावणीत भाडेकरूंची आणि रोज लांबून येणाऱ्यांची बाजू नोंदवणं नियोजन प्राधिकरणावर बंधनकारक असावं. कारण ती बाजू आपल्या पायांनी सुनावणीला येऊ शकत नाही.

शासनाकडे मागायचं ते झालं. आता तुमच्याकडे. पुढच्या वेळी सोसायटीत विरोधाचा कागद सहीला आला, की सही करण्याआधी सभेत उभं राहून विचारा: या इमारतीत कोण राहायला येणार होतं? ते आता कुठे राहतील? आपल्याला पाणी हवं, रस्ता हवा, मैदान हवं, तर घरांना नाही म्हणण्याऐवजी घरांबरोबर या गोष्टींची मागणी का करू नये? आणि सही करायचीच असेल, तर त्याच कागदावर आणखी एक ओळ लिहा. ही घरं इथे नकोत तर याच महानगरात, स्थानकाजवळ, ती कुठे व्हावीत, त्या जागेचं नाव लिहा. ज्या हरकतीत पर्यायी जागा आहे ती हरकत नागरिकाची आहे. तशा हरकती आपण लिहू लागलो, तर सरकारला त्या बाजूला सारता येणार नाहीत आणि बिल्डरला त्यांच्या आड लपता येणार नाही.

आपले आजोबा-पणजोबा कधी ना कधी या शहरात नवखे म्हणूनच आले. कोणी त्यांना जागा करून दिली म्हणून आज आपण इथे बसलो आहोत. येणाऱ्यांना जागा करून देणं हे आपलं काम आहे आणि ते आपल्याच वॉर्डापासून सुरू करायचं आहे.